समुद्र पाच मिनिटांवर

१

ताईचं प्रेत तिच्या मुलीलाच सापडलं.

मुलगी किनाऱ्यावर जीवरक्षक होती. मंगळवारी सकाळी सातला तिने मचाणाचं कुलूप काढलं, हिरवा झेंडा काखेत मारला आणि रोजच्यासारखी किनाऱ्यावरून नजर फिरवली. नाला समुद्राला मिळतो तिथे दगडी पायऱ्या उतरतात. भरती येऊन गेली होती, पाणी ओसरत होतं. खालून तिसऱ्या पायरीवर कुणीतरी कुशीवर झोपल्यासारखं पडलं होतं आणि अंगात आईचं निळं जाकीट होतं.

साडेसातला बाई तिथे पोचल्या. बाई म्हणजे पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या प्रमुख. वय साठीला टेकलेलं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ताई अकरा वर्षं त्यांच्यासाठी या किनाऱ्यावरून नमुने आणत होती. दर मंगळवारी सकाळी दहाला, सहा ठरलेल्या जागा, सहा बाटल्या. त्या पाण्यात किती जिवाणू वाढतात ते प्रयोगशाळेत मोजायचं आणि आकडा किनाऱ्यावरच्या फलकावर लावायचा. आकडा लहान असला की फलक हिरवा, फलक हिरवा असला की मुलीचा झेंडा हिरवा.

फौजदारांनी वरच्या पायरीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. "पेटी तुमची ना?"

"आमची."

"उघडून बघा. सगळं जागच्या जागी आहे का सांगा."

पेटीत बर्फ होता आणि बर्फात सहा बाटल्या होत्या. सगळ्या भरलेल्या, सगळ्यांवर ताईच्या अक्षरात जागेचा क्रमांक आणि तारीख. ही लेबलं ती आदल्या संध्याकाळी घरीच लावून ठेवायची.

"तिची वही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "वेळ, वारा, पाण्याचा रंग, वास, सगळं ती पेन्सिलीने वहीत लिहायची."

"गेली असेल वाहून." फौजदार थकलेले होते, पण माणूस उद्धट नव्हता. "बाई, तुमचे नमुने दहाला घेतात. ही पहाटे पाचला घरातून निघाली. पोरीला म्हणाली, लवकर उरकते. दहाच्या कामाला पाचला कोण येतं? ज्याला कुणी बघायला नको असतं तो."

मागे माणसं जमली होती. नव्या वसाहतीत सकाळी फिरायला निघणारी, हातात पाण्याची बाटली घेतलेली माणसं. त्यांच्यात मलनिस्सारण केंद्रातला केमिस्टही तोंडाला रुमाल लावून उभा होता. वीस वर्षांपूर्वी बाईंच्याच प्रयोगशाळेत, रसायन विभागात, तो उमेदवारी करायला आला होता. त्याने बाईंना लांबूनच नमस्कार केला.

फौजदार हळू आवाजात म्हणाले, "वसाहतीतलं ते सहा वर्षांचं पोर गेलं तीन आठवड्यांपूर्वी. आतड्याचा संसर्ग. लोक म्हणत होते समुद्रातूनच झालं. पण तुमचा फलक हिरवा होता. आता लोक काय म्हणतील ते मी वेगळं सांगायला नको. हिने खोटे नमुने भरले, मूल गेलं, ते मनाला लागलं, इथे येऊन जीव दिला. नाहीतर पाय घसरला. माझ्या कागदाला दोन्ही चालतं."

बाईंनी पेटी प्रयोगशाळेत आणली. बुधवारी दुपारी निकाल आला: सहाही नमुने स्वच्छ. इतके स्वच्छ की बाईंनी उरलेलं पाणी शीतपेटीतून स्वतः काढलं आणि क्षारता मोजायला घेतलं. असं कुणी करत नाही. जिवाणूंच्या तपासणीत मिठाशी काही देणंघेणं नसतं. पण तिसरी जागा नाल्याच्या मुखाशी आहे. तिथे गोडं पाणी मिसळतं, म्हणून तिथलं पाणी नेहमी कमी खारट. अकरा वर्षांत त्याला अपवाद नव्हता.

मीटरवर सहा वेळा एकच आकडा आला.

मुलगी दारात उभी होती. स्मशानातून थेट आली होती, केस अजून ओले होते.

"मावशी, काय निघालं?"

बाईंनी मीटर पुसून खाली ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"सहाही बाटल्यांत एकाच जागचं पाणी आहे," त्या म्हणाल्या.

मुलीने मीटरकडे पाहिलं. "म्हणजे आई खोटं भरत होती. आणि मी तिच्या भरवशावर पोरांना पाण्यात सोडत होते."

२

"लोक घर बघतच नाहीत हो बाई," विक्री व्यवस्थापक म्हणाला. "झोपायची खोली इथूनतिथून सारखीच. लोक बघतात ते घराबाहेर काय आहे ते."

विक्री कार्यालयात मधोमध वसाहतीची प्रतिकृती होती. काडेपेटीएवढ्या इमारती, हिरव्या स्पंजाची झाडं, निळ्या काचेचा समुद्र. भिंतीवर मोठ्या अक्षरांत यादी: शाळा चार मिनिटं, दवाखाना सहा, वाचनालय सात, सायकलींचा रस्ता दारात. आणि सगळ्यांत वर: समुद्र पाच मिनिटांवर, पाण्याची प्रत उत्तम.

"मिनिटं कुणी मोजली?" बाईंनी विचारलं.

"मीच. जरा भरभर चाललो म्हणा." तो हसला, मग प्रसंग आठवून गंभीर झाला. "शनिवार-रविवार बस भरून माणसं आणतो. शाळा दाखवतो, दवाखाना दाखवतो, माना डोलावतात. पण तुमच्या फलकापाशी नेलं की बायका नवऱ्याकडे बघतात. मुलांना पोहता येईल, बस्स. तिथे सौदा होतो. चौदाशे घरं आहेत बाई, निम्मी त्या फलकाने विकली."

"आणि फलक लाल झाला असता तर?"

"तर मी दुसरीकडे दुसरं काही विकत असतो." त्याने खांदे उडवले. "तुम्हाला वाटतंय ते मला कळतं. ताईंना मी भेटायचो. हो. चहा पाजायचो. फलक जरा मोठा करा, दिवे लावा, असं मागे लागायचो. ताई म्हणायच्या, आकडा मोठा करू का, तोही करते. फटकळ बाई होती. पण मला आवडायची."

"मंगळवारी पहाटे कुठे होतात?"

"घरी. बायकोला विचारा. ती माझ्या बाजूने खोटं बोलणाऱ्यांतली नाही."

बाई उठल्या. "धक्क्यापर्यंत येता का जरा? मला पाणी हवंय आणि माझे गुडघे वाकत नाहीत."

धक्का वसाहतीपासून पाच मिनिटांवर नव्हता, अकरा मिनिटं लागली. व्यवस्थापक वाटेत दोनदा म्हणाला, उन्हामुळे लांब वाटतं. धक्क्याच्या टोकाला लोखंडी शिडी पाण्यात उतरते. बाईंनी त्याच्या हातात रिकामी बाटली दिली. त्याने शिडीच्या दोन पायऱ्या उतरून बाटली पाण्यात खुपसली. बाटली उलटी झाली, बुडबुडे आले, त्याची बाही कोपरापर्यंत भिजली. वर आला तेव्हा बाटली जेमतेम निम्मी भरली होती आणि बूच खिशात विसरलं होतं.

"एवढं पुरेल ना?"

"पुरेल," बाई म्हणाल्या. त्यांनी मीटर बुडवला. मंगळवारच्या सहा बाटल्यांतला आकडा, तोच.

नाल्यापासून दूर, अंधारातही हात पाण्याला पोचेल अशी जागा ही एकच. सहाही बाटल्या इथे, या शिडीवर भरल्या होत्या. पायऱ्यांवरून इथे येऊन परत जायला वीसेक मिनिटं. ताईला खोटंच करायचं असतं तर ती भरलेली पेटी घेऊन परत नाल्यापाशी का गेली असती?

मागून व्यवस्थापक म्हणाला, "बाई, एक सांगू? गेल्या आठवड्यात ताई माझ्याकडे आल्या होत्या. विचारत होत्या, वसाहतीतली सगळी घरं राहती झाली का. म्हटलं, झाली. तर म्हणाल्या, मग एवढ्या माणसांचं सगळं जातं कुठे?"

३

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सगळे दादा म्हणत. जिवाणूंच्या खोलीत तो एकटाच असायचा आणि आपल्या खोलीत दुसऱ्याने पाऊल टाकलं तर दिवसभर पुटपुटायचा. मंगळवारचे नमुने जिवाणू वाढवायच्या प्लेटांत त्यानेच लावले होते. आणि त्याने गेल्या वर्षी त्याच वसाहतीत घर घेतलं होतं, तिसरा मजला, खिडकीतून समुद्र.

"विचारा की सरळ," दादा म्हणाला. "माझं घर तिथे, प्लेटा माझ्या हातात. आकडे मी फिरवले असं म्हणायचंय ना?"

"फिरवलेस?"

"फिरवले असते तर सहाही सारखे कशाला दाखवले असते? एवढी अक्कल आहे मला. दोन कमी, चार जास्त, एखादा काठावर, असं करायचं असतं." तो प्लेटा धुत होता, हात थांबले नव्हते. "खरं सांगू, मला ताईचा राग आला होता त्या दिवशी. मेलेल्या माणसावर रागावू नये. पण अकरा वर्षांत नाही केलं ते करून ठेवलं तिने."

"काय केलं?"

"बाटल्या बुचापर्यंत गच्च. आपण वर दोन बोटं जागा सोडतो. तपासणीआधी बाटली खळखळून हलवायची, जिवाणू सगळीकडे सारखे पसरले पाहिजेत. भरलेली बाटली हलणार कशी? या खोलीत उमेदवारीला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि ताई तर डोळे मिटून सोडायची दोन बोटं. मला सहाही बाटल्यांतलं पाणी थोडं थोडं ओतून टाकावं लागलं. लिहून ठेवलंय मी."

त्याने नोंदवही पुढे सरकवली. मंगळवार, सकाळी आठ पन्नास: 'नमुने १ ते ६ पूर्ण भरलेले. हवा नाही. थोडे ओतून हलवले.'

बाई स्टुलावर बसल्या. दादाच्या नोंदी नेहमी अशाच, तुटक आणि खऱ्या. आकडे फिरवणारा माणूस अशी ओळ लिहून ठेवत नाही. त्यांनी फौजदारांना फोन करून जागेवरचे फोटो मागवले. फोटो मोठा करून पाहिला. काचेच्या सहा बाटल्या, काचेची सहा बुचं, आणि बुचाखाली कुठेही हवेची चकती नाही. एकही बुडबुडा नाही.

"या ताईने भरलेल्या नाहीत," बाई म्हणाल्या.

दादाचे हात थांबले.

ताईने भरल्या होत्या त्या कुणीतरी रिकाम्या केल्या. त्या पाण्यात जे होतं ते प्रयोगशाळेत पोचायला नको होतं. पेटी नाहीशी केली असती तर शोध सुरू झाला असता. स्वच्छ पाणी भरून ठेवलं की शोध तिथेच संपतो. वर बदनामी ताईची.

"पण बाई," दादा म्हणाला, "पहाटे पाचला तिला जायचं काय कारण?"

बाईंना कारण माहीत होतं. मूल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली होती. बाई, एकदा दहाऐवजी पहाटे घेऊन बघू का, म्हणाली होती. बाईंनी मान वर न करता सांगितलं होतं की वेळ बदलायची तर पत्रक नव्याने काढावं लागेल, आणि चार महिन्यांत त्या निवृत्त होणार आहेत, पुढच्या प्रमुखांना विचार. हे त्यांनी दादाला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

दादाने नळ बंद केला.

"सहा बाटल्या," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "अंधारात, घाईत, घाबरलेल्या माणसाने भरलेल्या. व्यवस्थापकाने भरदिवसा एक भरली तर निम्मी राहिली. तू किंवा मी भरली असती तर दोन बोटं सोडली असती, हातच तसा पडतो. मग असा कोण आहे ज्याचा हात घाबरल्यावरही एक बुडबुडा राहू देत नाही?"

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यालाही तपासणीचे सगळे प्रकार ठाऊक होते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर बाटलीत बाहेरची हवा कणभरही चालत नाही. बाटली पाण्याखाली तिरकी धरायची, मानेवर टिचकी मारून चिकटलेली हवा सोडायची, बूच पाण्याखालीच बसवायचं. सांडपाणी समुद्रात सोडण्याआधी रोज हीच तपासणी करतात. रोज, वर्षानुवर्षं.

"फौजदारांना बोलावून घे," बाई म्हणाल्या. "त्यांच्या गाडीने जाऊ. माझ्याने एकटीने जाववणार नाही."

४

मलनिस्सारण केंद्र वसाहतीच्या मागे आहे. विक्री कार्यालयातल्या प्रतिकृतीत त्या जागी स्पंजाची झाडं होती.

केमिस्टने बाईंना आणि फौजदारांना खुर्च्या दिल्या, बाईंच्या खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात. निरोप पाठवायचा."

"बाहेर पडणाऱ्या पाण्याचा एक नमुना हवाय," बाई म्हणाल्या. "माझे गुडघे वाकत नाहीत."

"द्या की, मी भरतो."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. ताईची होती तसलीच, काचेची. तिघं टाकीच्या कठड्याशी गेले. केमिस्ट उकिडवा बसला. बाही दुमडली, बाटली पाण्याखाली नेली, हळूच तिरकी केली. हवेची शेवटची लड निघून गेली तशी त्याने मानेवर नखाने दोन टिचक्या मारल्या, बूच पाण्याखालीच बसवलं आणि बाटली वर काढून उजेडात धरली, आत बघायला. वीस वर्षांपूर्वी बाईंनी असंच धरायला शिकवलं होतं. हात त्यांनीच बसवला होता.

"तपासणी कसली आहे?" त्याने विचारलं.

"जिवाणूंची."

"बरं," म्हणून त्याने बाटली पुढे केली.

बाईंनी ती घेतली नाही. "जिवाणूंच्या बाटलीत दोन बोटं जागा सोडतात रे. हलवावी लागते. तू त्या खोलीत कधी आलाच नाहीस, तुला कोण सांगणार."

तो उकिडवाच राहिला. हातातल्या बाटलीकडे पाहत राहिला. बाईंनी पिशवीतून फोटो काढून कठड्यावर ठेवला. त्याने तो पाहिला, मग बाटली पाहिली. फौजदार एक पाऊल पुढे आले, पण बाईंनी हाताने थांबवलं.

"सहाही अशाच आहेत," बाई म्हणाल्या. "एकही बुडबुडा नाही."

त्याने फोटो पालथा घातला. "केंद्र सहाशे घरांचं आहे बाई. चौदाशे जोडली. झेपेल असं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. मी दिलं. वरून नवं केंद्र येतंय, येतंय म्हणत होते. टाक्या भरल्या की नाल्याचं दार उघडावंच लागतं, नाहीतर घरांतून उलटं वर येतं."

"कधी उघडत होतास?"

"भरेल तेव्हा. दिवसासुद्धा. फक्त मंगळवारी नाही. सोमवारी रात्रीपासून सगळं रिकामं करून घ्यायचं आणि पहाटे साडेपाचला दार बंद. मग भरती असो की ओहोटी, पाणी हलत राहतं. दहापर्यंत पाणी धुऊन निघतं."

"आणि ती पाचला आली."

"दाराकडे आलो तर पायऱ्यांवर बॅटरी दिसली. तिने सहाही भरल्या होत्या, परत नाल्यापाशी येऊन वहीत लिहीत होती. म्हणाली, आता आठला हे प्रयोगशाळेत जाणार, मग तू आणि मी दोघं मिळून त्या पोराच्या घरी जाऊ. रागावली नव्हती. मी पेटी ओढली. तिने सोडली नाही. मग एकदम सोडली."

फौजदार म्हणाले, "डोकं आपटलं. पण मृत्यू बुडून झालाय. छातीत पाणी होतं."

"श्वास चालू होता," केमिस्ट म्हणाला.

"भरती चढत होती ना?"

"चढत होती."

"मग वर का नाही ओढलंस?"

त्याने बाटली कठड्यावर अगदी अलगद ठेवली. "मला वाटलं आधी बाटल्या भरून आणू. मग तिचं बघू."

टाकीतली यंत्रं फिरत होती. धक्क्यापर्यंत जायचं, शिडी उतरायची, सहा बाटल्या ओतायच्या, सहा बाटल्या भरायच्या, प्रत्येकीच्या मानेवर दोन टिचक्या मारायच्या, परत यायचं. बाईंनी मनात मिनिटं मोजली आणि मोजून झाल्यावर परत मोजली.

"वही माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "जाळणार होतो."

ती टेबलाच्या खणात होती. फौजदार ती काढत असताना बाईंची नजर टेबलामागच्या भिंतीवर गेली. तिथे भरती-ओहोटीचा तक्ता टांगला होता आणि त्याच्या शेजारी ओळीने बारा कागद टाचले होते, एकेका महिन्याचा एकेक. कागद बाईंनी लांबूनच ओळखला. 'किनारा नमुना संकलन: वार, वेळ, क्रम.' खाली त्यांची सही. त्याच्याखाली बारीक अक्षरात: प्रत, मलनिस्सारण केंद्र, माहितीसाठी.

ही प्रत पाठवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी केमिस्टने फोन करून विचारलं होतं, बाई, तुमचं पत्रक मिळालं तर आम्हाला बरं पडेल. जुना विद्यार्थी, म्हणून त्यांनी पाठवायला सुरुवात केली. मग दर महिन्याला. पत्रक नव्याने काढून वेळ बदलली असती, तर दुसऱ्या दिवशी त्यालाही कळलं असतं. ताईने परस्पर वेळ बदलली, म्हणून त्याला कळलं नाही.

"या पत्रकावरूनच ठरवत होतास?" त्यांनी विचारलं.

"हो बाई. तुमची वेळ कधी चुकली नाही."

५

शुक्रवारी फलक लाल झाला. विक्री कार्यालयाच्या भिंतीवरची सगळ्यांत वरची ओळ रंगवून झाकली गेली. शनिवारपासून बस वाचनालयापाशी थांबणार होती.

मुलगी मचाणावर बसली होती. खाली किनारा रिकामा होता. बाईंना शिडी चढवत नव्हती म्हणून तीच उतरली. फौजदारांनी दोन तासांपुरती दिलेली वही बाईंनी तिच्या हातात ठेवली. तिने शेवटचं पान काढलं. पेन्सिलीच्या सरळ ओळी होत्या: 'पाच दहा. जागा तीन. पाणी काळपट, वास. नाल्याचं दार उघडं. बाईंना लगेच सांगणे.'

मुलीने ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली.

"आईने खोटं केलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही. एकदाही नाही."

"अकरा वर्षांत?"

"अकरा वर्षांत."

मुलगी वाळूत बसली आणि रडली. स्मशानात ती रडली नव्हती. बाई उभ्याच राहिल्या. खाली बसल्या असत्या तर उठता आलं नसतं. रडणं थांबल्यावर त्यांनी पत्रकाबद्दल सांगितलं. सही, प्रत, नऊ वर्षं. ताई टेबलापाशी उभी राहिली होती तेही सांगितलं. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही.

मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आकडे खरे होते, फक्त त्या वेळेचे होते."

"हो."

"आणि बाकी सगळा आठवडा मी झेंडा लावत होते तो तुमच्या कागदावर."

"हो."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"लिहून दिलंय. वरच्या कार्यालयातही दिलंय."

मुलीने वही मिटून छातीशी धरली. बाईंना वाटलं ती निघून जायला सांगेल. ती म्हणाली, "आई तुमच्याबद्दल वाईट बोलली नाही कधी. मला बोलायचं असेल तर मी नंतर बोलेन, मावशी. आज नको. पण त्या पोराच्या घरी आई जाणार होती ना?"

"हो."

"मग तिथे कोण जाणार आता?"

वसाहतीतली चौथी इमारत, दुसरा मजला. दारावर वाळूच्या रंगाची पाटी होती, दाराबाहेर मोठ्यांच्या चपलांचे दोन जोड. बाईंनी घंटा दाबली. तिशीतली बाई आली. हाताला पीठ होतं.

"मी पाणी तपासणी प्रयोगशाळेतून आले," बाई म्हणाल्या. "किनाऱ्यावरच्या फलकाखाली सही असते ती माझी."

ती बाई बाजूला झाली नाही. दारही लावलं नाही.

"आम्ही रोज वाचायचो तो फलक," ती म्हणाली. "त्याला नुकतं वाचायला येत होतं. मोठ्यांदा वाचायचा, मगच पाण्यात. घर घेतलं तेच त्याला पोहायला मिळेल म्हणून. डॉक्टर म्हणाले, कुठून झालं सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, मी काहीतरी उघड्यावरचं खायला घातलं असणार." ती थांबली. "तो रविवारी गेला होता पाण्यात. रविवारी पाणी कसं होतं?"

"रविवारी आम्ही मोजत नव्हतो," बाई म्हणाल्या. "रविवारी घाण पाणी सोडलं जात होतं. मंगळवारी सोडत नव्हते, कारण मंगळवारी आम्ही मोजतो हे त्यांना माहीत होतं. ते त्यांना मी कळवलं होतं. दर महिन्याला, सहीनिशी. तुम्ही खायला घातलेल्यातून झालं असं मानायला काही आधार नाही. पाण्याचा आधार आहे, आणि तो मी लिहून दिलाय."

हातावरचं पीठ वाळून त्याला चिरा पडत होत्या. आत कुठेतरी घड्याळाचा काटा ऐकू येत होता. शेवटी तिने दार पूर्ण उघडलं.

"आत बसा," ती म्हणाली. "सहाला त्याचे बाबा येतील, सासूबाईही असतील. तेव्हा हेच परत सांगा, आता सांगितलंत तसंच. माझ्याच्याने सांगवणार नाही."

साडेचार वाजले होते. बाई आत गेल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.